तालीपलीकडची आक्का

शाळेच्या मैदानाच्या पश्चिमेला मांडीएवढी उंच दगडी ताल आहे. नव्या मुलांना ती कम्पाउंडची भिंत वाटते. ती आक्काच्या शेताची ताल, म्हणजे दगडी बांध आहे, आणि तिच्यातले निम्मे दगड याच शाळेच्या पोरांनी वाहिलेले आहेत. माझेही त्यात आहेत.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत अध्यक्षांचे, मुख्याध्यापकांचे, देणगीदारांचे फोटो येतील. ते यायलाच हवेत. आक्काचा फोटो मात्र कुठल्या सदरात घालायचा, असा पेच समितीला पडला, हे माझ्या कानावर आलं. ती शिक्षिका नव्हती, शिपाई नव्हती, कागदोपत्री देणगीदारही नव्हती. शाळेत तर ती एक दिवससुद्धा बसलेली नाही. फोटो लावा किंवा लावू नका, पण आमच्या पिढीच्या शाळेत ती होती, म्हणून हे लिहितो आहे. छापील मजकुरात 'त्या' म्हणायला हवं, तरी मी 'ती'च म्हणणार. तोंडावर आम्ही सगळे तिला अरेतुरेच करत आलो.

तिच्या जन्माची नोंद कुठेच नाही. गांधीजींचा खून झाला त्या साली लग्न लागलं, तेव्हा पंधरा-सोळाची होते, असं ती सांगते. म्हणजे नव्वदी मागे टाकूनही दोन-तीन वर्षं झाली. गावात घर नव्हतंच, रानातल्या वस्तीवरच ती वाढली. मोट हाकणं हे गड्याचं काम, पण बापाला मुलगा उशिरा झाला. तोवर पहाटे बैल विहिरीच्या धावेवरून, म्हणजे उतारावरून, उतरताना नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसायला हीच. सासर फलटणकडचं, पाटपाण्याचं, बागायती. चार-पाच वर्षांत तान्ही मुलगी काखेला मारून ती या माळरानात परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही आणि गावातही पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. धाकट्या भावाबरोबर ती जमीन कसू लागली.

माण तालुक्यात वर्षाला पाऊस पडतो तो जेमतेम ४५०-५०० मिलिमीटर, तोही बराचसा परतीचा. अशा जागी शेती करणारा माणूस पाण्याचा हिशेब पक्का ठेवतो. बहात्तरच्या दुष्काळात तो हिशेब आक्काला वेगळ्या तऱ्हेने उपयोगी पडला. पाझर तलावाच्या कामावर मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर मिळायची. खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीचा एक उंचवटा न खणता ठेवायचा, त्यावरून खोली मोजायची, अशी रीत. माप घेणारा यायच्या आधी आक्का आपल्या काठीने टोळीचा प्रत्येक खड्डा मोजून ठेवायची आणि आकडा चुकला की त्याच्यासमोर काठी उभी करायची. अक्षरओळख नाही, पण काठीवर कोयत्याने पाडलेल्या खाचा होत्या. सुकडी आणि मिलो या परदेशी ज्वारीची लाल भाकरी खाऊन दिवस काढले, हे त्या पिढीतले सगळेच सांगतात. ही काठीची गोष्ट मात्र मला तिच्याकडून नाही, तिच्या टोळीतल्या बायकांकडून कळली. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात झाला १९७७ साली आणि लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. त्याआधी अशाच कामांवर माणसं आपला दाम मोजून घ्यायला शिकली होती.

१९७५ साली शाळा सुरू झाली तेव्हा आठवीचा वर्ग देवळाच्या ओवरीत भरायचा. जागा हवी होती. आक्काच्या भावाने वीस गुंठे दिले. दारातल्या फलकावर त्याचं नाव कोरलेलं आहे. तो माणूस भला होता, याबद्दल दुमत नाही. पण त्या वीस गुंठ्यांत वर्षानुवर्षं हुलगा घेत होती ती आक्का. तिच्या मुलीची शाळा सातवीला सुटली होती, कारण पुढचं शिक्षण दहिवडीला आणि पोरीला तिथे ठेवणार कोण? भाऊ जमीन द्यायला कचरत होता तेव्हा ती म्हणाली होती, "हुलगं दुसरीकडं घिऊ. पोरं कुठं पेरायची?" हे मला तिच्या भावानेच हसत हसत सांगितलं होतं.

शालेय पोषण आहार आला तो १९९५ ला, आणि तोही आधी प्राथमिकला. आमच्या वेळी दूरच्या वस्त्यांवरची पोरं पहाटे निघायची. कुणाच्या फडक्यात भाकरी असायची, कुणाच्या नसायची. नसेल त्याने मधल्या सुट्टीत ताल ओलांडायची. आक्का चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत असायची. भाकरीवर हुलग्याचं माडगं नाहीतर मिरचीचा ठेचा. नियम एकच होता: खाऊन उठलं की रानातला एक दगड उचलून तालीवर नेऊन ठेवायचा. लहान दगड चालायचा नाही. एकदा आमच्यातल्या एकाने मुठीएवढा खडा नेला, तेव्हा आक्का म्हणाली, "आरं, भाकरी मोठी खाल्लीस की!" शाळेतल्या एका सरांना हे बालमजुरीसारखं वाटायचं, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. दगड ठेवल्यामुळे कुणालाच फुकट जेवल्यासारखं वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला लाज वाटत नव्हती.

आता जे सांगायचं आहे ते जरा सावकाश सांगतो. आक्काबद्दल बोलताना लोक 'कष्टाळू माउली' म्हणतात आणि हात जोडतात. मला ते शब्द अपुरे वाटतात. कष्ट तर तालुक्यातल्या प्रत्येक बाईने केले. आक्का जाणकार शेतकरी होती. पुढे मी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात शिकलो, कृषी खात्यात नोकरी केली, म्हणून हे अंदाजाने म्हणत नाही.

पेरणीच्या वेळी पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरणं हे गावातल्या ठरावीक माणसांचंच काम असतं. आमच्या भागात ती माणसं म्हणजे पुरुष, आणि आक्का. हस्त नक्षत्रात, शाळू म्हणजे रब्बी ज्वारी पेरायच्या दिवसांत, भाऊ बैल हाकायचा आणि आक्का पाभरीमागून चालायची. ओटीत बी, उजवी मूठ चाड्याच्या तोंडावर. मूठ उघडी नाही आणि बंदही नाही. अंगठा तर्जनीवर पुढेमागे सरकतोय आणि त्या फटीतून दाणे सुटताहेत. बैल भरभर चालले की अंगठा भरभर, बैल रेंगाळले की तोही रेंगाळायचा. तिची नजर मात्र चाड्यावर नाही, पुढे तासाच्या ओळीवर. मला तिने मागून चालायला लावलं होतं, हातात तुरीची काडी देऊन. नळीत ढेकूळ अडकलं की काडीने मोकळं करायचं. "नळी तुंबली तर उगवल्यावर कळंल, तवर हस्त गेला आसंल," एवढंच तिने बजावलं. पंधरवड्याने ते रान बघितलं तर ओळीत कुठे दाटी नाही, कुठे खाडा नाही.

राहुरीला आम्हाला रब्बी ज्वारीच्या तीन कोळपण्या, म्हणजे ओळींमधली माती हलवायच्या पाळ्या, शिकवल्या: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात, शेवटची दातेरी कोळप्याने, म्हणजे भेगा बुजतात आणि जमिनीतली ओल उडून जात नाही. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात यावर पुष्कळ काम झालेलं आहे. वर्गात हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आक्काचं रान होतं. ती आठवडे मोजत नव्हती, भेगेत बोट घालून बघायची. पेर बुडेल एवढी भेग झाली की दुसऱ्या दिवशी कोळपं. नोकरीला लागल्यावर मी तिला हलक्या जमिनीसाठी आलेलं 'फुले अनुराधा'चं बी नेऊन दिलं. तिने ते पट्टाभर पेरलं, शेजारच्या पट्ट्यात आपली घरची मालदांडी. सुगीनंतर दोन्हींच्या भाकऱ्या केल्या, दोन्हींचा कडबा बैलांपुढे टाकला आणि बैल आधी कशाला तोंड लावतात ते बघत बसली. "दाणं आपलं, कडबा त्यांचा. दोघांचं बी मत घ्याया पायजे." पुढच्या साली तिने दोन्ही वाण निम्मे निम्मे पेरले, हलक्या वावरात माझा, खोल वावरात तिचा. माझ्या खात्यातल्या किती जणांनी इतकी सरळ चाचणी घेतली असेल, देव जाणे.

सातबाऱ्यावर तिचं नाव यायला साठी उलटावी लागली. १९५६ च्या वारसा कायद्याने बापाच्या हिश्श्यात मुलीला वाटा दिला होता, पण गावोगाव बहिणींनी हक्कसोड करून द्यायची चाल पडली होती. हिनेही अंगठा दिला होता. १९९४ ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, तोही आधी लग्न झालेल्यांना सोडून. शेवटी भावानेच आपणहून अडीच एकर तिच्या नावे करून दिले. उतारा हातात पडला त्या दिवशी मी रजेवर गावी होतो. तिने तो माझ्यापुढे धरला. मी तिचं नाव वाचून दाखवलं, अभिनंदन वगैरे केलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् रानात काय हाय म्हून लिवलंय?" गाव नमुना सातवर मालकाचं नाव असतं आणि बारावर पिकाची नोंद. बाराच्या रकान्यात 'पड' लिहिलं होतं. रानात तेव्हा पोटरीतली ज्वारी डुलत होती. नावाचा आनंद तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ज्वारीची दोन ताटं मुळासकट उपटून चावडीत घेऊन गेली आणि नोंद दुरुस्त होईपर्यंत उठली नाही.

नंतरची वर्षं भराभर सांगतो. भाऊ गेला, भाचे पुण्याला स्थायिक झाले, मुलगी नातवंडांत रमली. २०१२-१३ च्या दुष्काळात ऐंशीच्या घरातली आक्का आपली खिलार गाय आणि कालवड घेऊन म्हसवडच्या चारा छावणीत जाऊन राहिली. घरी राहा म्हणणाऱ्यांना तिने सांगितलं की गाईला माझ्याशिवाय कुणाचा हात चालत नाही. २०१८ साली वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत आपल्याच तालुक्यातलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं, त्या वाऱ्याने आपल्या गावातही कुदळी निघाल्या. खणणं तिला जमणार नव्हतं. पण चर कुठे काढायचे यावरून तरुण पोरांची हुज्जत चालली होती, तेव्हा तिला खुर्चीसकट उचलून माळावर नेलं. मोठा पाऊस झाला की पाणी कुठून कुठे पळतं हे तिने काठीने दाखवलं. दोन ठिकाणी पोरांची आखणी बदलावी लागली.

आता तिला कमी ऐकू येतं. डोळे मात्र शाबूत आहेत. औत-पाभर वाटेकरी करतो. बी निवडायचं काम तिने कुणाला दिलेलं नाही. मटकी, हुलगा, शाळू, सगळं सुपात घेऊन एकेक दाणा बघते, राखेत घोळते, कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात भरते.

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण द्यायला गेलो तेव्हा पत्रिका तिने उलटसुलट करून पाहिली. व्यासपीठावर सत्कार करायचा ठरवलाय म्हटल्यावर म्हणाली, "शालीचं काय करू? उन्हाळा हाय." मग तिने आपला मुद्दा काढला, आणि तो समितीपर्यंत पोहोचवायचं मी कबूल केलं आहे, म्हणून इथे नोंदवतो. शाळेच्या नव्या दुमजली इमारतीच्या गच्चीचं सगळं पाणी सध्या पुढच्या अंगाने रस्त्यावर जातं आणि तिथे नुसता चिखल होतो. ते मागच्या अंगाने वळवून, गाळून तिच्या विहिरीत सोडावं. विहिरीला पाणी वाढलं तर उन्हाळ्यात शाळेच्या टाकीला ते तिथूनच देता येईल, मोटार तिची, वीजबिल शाळेचं. तिने अंतरही पावलांनी मोजून ठेवलं आहे: साठ पावलं, तीही तिची. मी टेप लावली, तर तालीपासून विहिरीपर्यंत पंचवीस मीटरला थोडं कमी भरलं. पाइपचा खर्च आमच्या दहावीच्या तुकडीने उचलायचं ठरवलं आहे. समितीने मृगाच्या आत होकार कळवावा.