फ्रेमच्या आतलं वाचायचंय? आधी ओरिजिन बघा

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एखाद्या गूळ अडत्याची साइट धरा. मुख्य पानात आयफ्रेम, म्हणजे पानात दुसरं पान दाखवणारी चौकट, आणि त्या फ्रेममध्ये आजच्या सौद्यांचे भाव. यादी लांबली की फ्रेमला वेगळा स्क्रोलबार येतो आणि मोबाइलवर भाव बघणारा वैतागतो. म्हणून जावास्क्रिप्टने आतल्या पानाची उंची वाचून ती फ्रेमला द्यायची.

गेटएलिमेंटबायआयडी वापरून मिळतो तो नुसता आयफ्रेमचा टॅग. आतलं पान हवं तर त्याची कंटेंटडॉक्युमेंट प्रॉपर्टी, आतली विंडो हवी तर कंटेंटविंडो. विंडो.फ्रेम्समधून नेमने फ्रेम घेतलीत तर मात्र थेट विंडोच हातात येते. तिच्यापुढे पुन्हा कंटेंटविंडो लिहिलं की अनडिफाइंड, आणि इथे भलेभले अडकतात.

वाचायचं लोड इव्हेंट आल्यावरच, म्हणजे आतलं पान पूर्ण उतरल्यावर. घाई केली तर अबाउट-ब्लँकचं रिकामं डॉक्युमेंट मिळतं. एरर काहीच येत नाही, त्यामुळे चूक लवकर सापडत नाही. उंची डॉक्युमेंटएलिमेंटच्या स्क्रोलहाइटमधून घ्या, पण त्याआधी फ्रेमची उंची शून्य करा. स्क्रोलहाइट फ्रेमच्या सध्याच्या उंचीखाली उतरत नाही. काल चाळीस ओळी होत्या आणि आज दहाच आल्या, तरी खाली पांढरी मोकळी जागा तशीच राहते. आकड्याला 'पीएक्स' जोडायला विसरू नका.

हे सगळं चालतं ते दोन्ही पानांचा ओरिजिन एकच असेल तर. प्रोटोकॉल, होस्ट, पोर्ट, तिन्ही जुळायला हवेत. एकीकडे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि दुसरीकडे नाही, एवढ्यानेही अडतं. मग कंटेंटडॉक्युमेंट नल येतं आणि कंटेंटविंडो.डॉक्युमेंट मागितलं की सिक्युरिटीएरर. फाइलवर डबल-क्लिक करून पान तपासलं तरी क्रोम हेच करतो. लोकल सर्व्हर लावा. फ्रेमला सँडबॉक्स (आतल्या पानावर बंधनं घालणारा अ‍ॅट्रिब्यूट) लावला असेल तर त्यात अलाउ-सेम-ओरिजिन आहे का तेही बघा.

डॉक्युमेंट.डोमेन बदलून दोन सबडोमेन एकच असल्याचं भासवायची जुनी युक्ती आता सोडाच, क्रोमने आवृत्ती 115पासून ती मुळातच बंद ठेवली आहे. भाव दुसऱ्या सर्व्हरवरून येत असतील तर पोस्टमेसेज हाच सरळ रस्ता: आतलं पान स्वतःची उंची मोजून पॅरेंटला, म्हणजे बाहेरच्या पानाला, पाठवतं. पाठवताना टार्गेटओरिजिनमध्ये चांदणी (*, म्हणजे कुठलाही ओरिजिन) नको, नेमका पत्ता लिहा. घेणाऱ्या बाजूला इव्हेंट.ओरिजिन पूर्ण जुळवा. इंडेक्सऑफने अर्धवट जुळवलं तर मिळत्याजुळत्या नावाचं परकं डोमेनही आत शिरतं.