मारुती झेन, भाग ७: पॅड बसले, रंग गेला

मागच्या भागात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की ब्रेक ऑइल टाकीवरच्या मिन खुणेच्या खाली गेलेलं, मॅक्स खुणेपर्यंत भरून टाकलं. रविवारी ते फेडलं.

ब्रेकचा पॅड (चाकाच्या डिस्कला घासून गाडी थांबवतो तो) झिजला की त्याला दाबणारा पिस्टन पुढे सरकतो आणि टाकीतलं ऑइल त्याच्यामागे जाऊन बसतं. गळती नव्हतीच. नवे जाड पॅड घालायला सी क्लॅम्पनं डावा पिस्टन मागे दाबत होतो, मान चाकात, आणि वर टाकीच्या झाकणाखालून धार लागलेली. मित्र जाता जाता ओरडला, "काय बे, गाडीला आंघोळ घालायलास का?"

फेंडरवर चादर होती (सोलापुरात राहून फेंडर कव्हर कोण विकत घेतं!), ते वाचलं. पण मास्टर सिलिंडरखालचा (पेडलनं ऑइल दाबणारा, टाकी असते तो भाग) पत्रा, दिवाळीत स्वतः रंगवलेला... हे ऑइल नुसतं पुसून भागत नाही, पाण्यानं धुवावं लागतं. नळाला पाणी यायला अजून दोन दिवस. पिण्याची घागर ओतली, आईची बोलणी खाल्ली. तरी तळहाताएवढा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून निघाला.

उजवीकडे शहाणा झालो. आधी २० मिलीच्या सिरिंजनं टाकीतलं ऑइल ओढून घेतलं. पण पिस्टन हलेना. क्लॅम्पच वाकला, मेकॅनिक चौकातला 'फॉरेन माल' होता तो. शेवटी निप्पलला (चाकाजवळ ब्रेकमधलं ऑइल-हवा बाहेर काढायचा स्क्रू) नळी लावून अर्धा आटा सैल केला आणि पिस्टन हातानं सुळ्ळकन आत! चहासारखं काळं ऑइल बाटलीत.

निप्पल लावून खूश होतो, मग डोक्यात आलं: पिस्टन निप्पल उघडल्यावरच मागे जातो, म्हणजे वर टाकीकडे जायची वाट बंद. होज (चाकाच्या ब्रेकला ऑइल आणणारी रबरी नळी) आतून फुगलाय. ऑइल जोरानं येतं, परत जात नाही. होटगी रोडवरून आल्यावर उजवंच चाक तापायचं आणि भाग ५ मध्ये मी बेअरिंगला शिव्या घातल्या होत्या! बेअरिंगबुवा, माफी.

म्हणून रंगकाम पुढे ढकललं. आधी दोन्ही होज, मग सगळं ऑइल नवं, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून. फडताळातली अर्धी बाटली वापरणार नाही: डॉट ४ (ब्रेक ऑइलची प्रत) कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी प्यायलं की ती हद्द १५५ वर येते. काउंटरवरचा पोरगा फोडलेल्या डब्यातलं "सुटं देतो" म्हणाला. नको.

तोवर गाडी जॅक स्टँडवर. डावीकडे पेडल मारून पॅड डिस्कला टेकवलेत, उजवं चाक हातानं फिरवतोय. अजून जडच.