लाटेची पाळी

बडोदा, रविवार रात्र

कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या मुळकीहून सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होणं, करून परतल्यापासून फोनवर सारखा समुद्राचा अंदाज बघते. लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, वाऱ्याची दिशा. आई म्हणते, "इथं बसून काय करायचंय गं त्याचं?" खरंच, आपल्याला जवळचा समुद्र म्हणजे कंबोई. भरती अशी की स्तंभेश्वराचं देऊळ रोज दोनदा पाण्याखाली जातं. पण ते पाणी चंद्राच्या ओढीनं निमुळत्या आखातात चढतं, गढूळ, चिखलाचं. त्यावर स्वार होता येत नाही.

सर्फिंगची लाट वाऱ्यानं उठते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या काही लाटा तर थेट दक्षिण महासागरातल्या वादळात जन्मतात आणि हजारो किलोमीटर, कित्येक दिवस चालत येतात. पाणी जागच्या जागी गोल फिरतं, पुढे जाते ती ऊर्जा. तळ उथळ झाला की लाटेचा पाय अडखळतो, माथा झुकतो, ती फुटते. एवढ्या प्रवासातले शेवटचे चार-पाच सेकंद आपल्या वाट्याला! उरलेला वेळ बोर्डावर बसून क्षितिजाकडे बघत राहायचं.

त्या बसण्यातली माणसं मला फार आवडली. लाट जिथून फुटायला लागते त्या जागेच्या जो सर्वांत जवळ, लाट त्याची. दुसऱ्यानं मध्ये घुसायचं नाही. पाटी नाही, शिट्टी नाही. तिथल्या एका मोगवीर कोळ्याच्या पोरानं स्वतःची लाट सोडून मला खूण केली, "जा, ही तुझी." असा मोठेपणा मी कुठल्याच मैदानावर पाहिला नव्हता.

हवाईचा ड्यूक कहानामोकू असाच उदार असणार, असं मला आपलं वाटतं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलेला हा माणूस पुढे सिडनीच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर लोकांना बोर्डावर उभं राहून दाखवत होता. सर्फिंग ऑलिम्पिकमध्ये यावं ही त्याची इच्छा. तो गेला १९६८ साली. सर्फिंग आलं टोकियोत, २०२१ मध्ये.

बाबांनी तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मलखांब केलाय. त्यांना हे सगळं लगेच पटलं. "पाय नंतर, आधी खांदे कमाव," म्हणाले. बरोबरच आहे, पालथं पडून हातांनी पाणी कापण्यातच निम्मी ताकद जाते. दिवाळीनंतर पुन्हा मुळकी. उद्यापासून पहाटे पोहायला जायचं, बाबाही येतायत.