अण्णांची कूस अन् मायची झोप

आमच्या मायनं तीस-पस्तीस वर्षं रोज रात्री एक काम केलंय आणि त्याचा हिशोब घरात कुणीच ठेवला नाही, मी पण नाही. अण्णा उताणे झाले की घोरायला लागतात, मग माय कोपरानं ढोसते, "आवो, कुशीवर व्हा", अण्णा झोपेतच हूं म्हणून वळतात, घोरणं थांबतं, मायचा डोळा लागतो न लागतो तोवर हे परत उताणे. परत कोपर. रात्रीतून किती वेळा हे तिला विचारलं तर म्हणती, मोजलं कुणी बाबा.

मागच्या दिवाळीत गावाकडं गेलो होतो, सोयाबीनची रास नुकतीच झालेली, पाहुणे आलेले, आतली खोली बहिणीच्या लेकरांना दिली म्हणून आम्ही सगळे ढाळजंत अंथरुणं टाकून झोपलो. मी लातूरला राहतो, अण्णांच्या इतक्या जवळ झोपून कैक वर्षं झाली होती. ते घोरतात हे माहीत होतंच, गल्लीला माहीत आहे, पण त्या रात्री मी पहिल्यांदा नीट ऐकलं. चढत चढत आवाज जायचा आणि मधीच बंद. एकदम शांत. मला आधी बरं वाटलं की चला थांबलं, मग लक्षात आलं की श्वासच थांबलाय, छाती हलायलीय पण हवा आत जात नाही, आणि मग एकदम पाण्यातून वर आल्यासारखा हांऽऽ करून श्वास. मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. 17 सेकंद. मग 22. मी उठून बसलो तर अंधारातून मायचा आवाज, "झोप तू. असं थांबलं की मी ढोसते."

मला त्या वाक्यानं जे झालं ते लिहिता येत नाही. म्हणजे ही बाई इतकी वर्षं नुसत्या आवाजानं जागी नव्हती, पहाऱ्यावर होती.

आपल्याकडं घोरणाऱ्या माणसाबद्दल म्हणतात ना, बघा कसा गाढ झोपलाय, हे डोक्यातून काढलं पाहिजे आधी. अण्णा गाढ झोपत असते तर मोंढ्यात भर दुपारी पोत्याला टेकून पेंगले नसते. कीर्तनात बसले की मान खाली. शेतावरून मोटरसायकलवर येताना एकदा डोळा लागून गाडी चारीत गेली होती, लागलं नाही फार, आम्ही म्हणालो वय झालंय, उन्हाचं फिरणं हाय. वय 62. ते वय नव्हतं, रात्रीची झोप फुटत होती ती दिवसा वसूल होत होती.

लातूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो, यायला तयार नव्हते, "घोरायला काय दवाखाना लागतो का" म्हणून. डॉक्टरांनी आठ प्रश्नांचा कागद काढला, घोरणं जोरात आहे का, दिवसा थकवा येतो का, श्वास थांबलेला कुणी बघितलाय का, बीपी आहे का, वजन, वय पन्नासच्या वर का, गळ्याचा घेर 40 सेंटिमीटरपेक्षा जास्त का, पुरुष का. बहुतेक सगळ्यांना हो. मग एका रात्रीसाठी घरी लावायचं मशीन दिलं, बोटाला क्लिप, नाकाजवळ नळी, छातीला पट्टा, आणि ते पट्ट्यातलं यंत्र झोपण्याची बाजू पण टिपून ठेवतं.

रिपोर्टमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबणं किंवा बराच कमी होणं, असं तासाला किती वेळा होतं त्याला एएचआय म्हणतात. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. अण्णांचा पूर्ण रात्रीचा आकडा 14. पण डॉक्टरांनी खालच्या दोन ओळींवर पेन ठेवला, उताणे असताना 23, कुशीवर असताना 6. म्हणाले, हे बघा, उताण्याचा आकडा कुशीच्या दुप्पट किंवा जास्त असला की याला पोझिशनल म्हणतात, म्हणजे झोपण्याच्या बाजूवर अवलंबून. ही दुपटीची व्याख्या रोझालिंड कार्टराइट नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1984 साली मांडली, अजूनही चालते, आणि स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराच्या, निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये असा प्रकार सापडतो.

म्हणजे आमच्या मायला जे कोपरानं कळलं होतं तेच त्या कागदावर छापून आलं.

कारण साधं आहे. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, माणूस उताणा असला की जिभेचं बूड, टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ आपल्याच वजनानं मागं पडतात, हवेची वाट अरुंद होते, अरुंद वाटेतून जाणाऱ्या हवेनं ते मऊ मांस फडफडतं तो घोरण्याचा आवाज, आणि वाट पार मिटली की श्वास बंद. कुशीवर झालं की जीभ बाजूला पडते, वाट उघडी राहते. दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर स्नायू आणखी ढिले पडतात. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले वामकुक्षी म्हणजे डावी कूसच की रे, आमचे आजोबा जेवण झालं की डाव्या कुशीवरच पडायचे. बरोबर आहे, फक्त ते दुपारी जागेपणी ठरवून होतं, रात्री झोपेत कूस धरून ठेवायची कुणी?

पहिला उपाय आम्ही घरीच केला. पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात तो टेनिस बॉल, मायनं जुन्या बंडीच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मधी खिसा शिवला, बॉल आत घातला, तोंड दोऱ्यानं बंद केलं. उताणं झालं की टोचतं, आपोआप वळायचं. हा उपाय जगभर जुना आहे आणि खरंच काम करतो, जोवर अंगावर आहे तोवर. चौथ्या रात्री बंडी सकाळी खुंटीला. अण्णा म्हणाले पाठीत हाडावर बसतंय, झोपच लागत नाही. मला राग आला होता त्यांचा, पण नंतर वाचलं तर ऑस्ट्रेलियात 2009 साली छापलेल्या अभ्यासात हा बॉल दिलेल्या 67 माणसांना सरासरी अडीच वर्षांनी विचारलं तेव्हा फक्त 4 जण वापरत होते, 9 जण म्हणाले आता सवय लागली बॉलची गरज नाही, बाकी सगळ्यांनी सोडून दिलेला. म्हणजे अण्णा आळशी नव्हते, बॉल टोचतोच.

मग पुतण्यानं पुण्याहून उताणं झालं की थरथरून कुशीवर वळवणारं पट्ट्याचं यंत्र मागवून दिलं. परदेशात यात दोन प्रकार जास्त चालले, एक मानेच्या मागं बांधायचं, त्यातल्या नाइट शिफ्ट नावाच्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, 2014 ला परवानगी दिली, आणि दुसरं छातीवरच्या पट्ट्यात, हॉलंडच्या नाइटबॅलन्ससारखं. आमचं छातीचं आहे. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, कापडी पट्ट्याच्या खिशात बसतं, हातात धरलं तर वजन जाणवत नाही. आत तोच सेन्सर जो मोबाईल आडवा केला की स्क्रीन आडवी करतो. अंग उताणं आहे का कुशीवर हे त्याला कळतं, उताणं झालं की थोडं थांबून हळू थरथरतं, वळलं नाही तर थरथर वाढत जाते, वळलं की गप. टोचत नाही, आवाज नाही, शेजारच्याला उठवत नाही. सुरुवातीला झोप लागेपर्यंत थरथरतच नाही, कसंही पडा. आणि पहिल्या दोन रात्री नुसतं नोंद करतं, मग एकेक रात्र थोडं थोडं वाढवतं, माणूस बिचकू नये म्हणून. हे मला लई आवडलं, कारण बॉलनं पहिल्याच रात्री भांडण लावलं होतं.

तिसऱ्या रात्री पहिली थरथर झाली तर अण्णा उठून बसले अन् मायला म्हणाले, "कुणाचा फोन हाय बघ." दोन-तीन रात्री असं झालं. मग आठवड्याभरात ते झोपेतच वळायला लागले, सकाळी विचारलं तर आठवत नव्हतं. मोबाईलमध्ये रोजची नोंद दिसते, पहिल्या रात्री साडेतीन तास उताणे होते, महिन्यानं दहा-बारा मिनिटं. तीन महिन्यांनी पट्टा लावूनच परत टेस्ट केली, एएचआय 7.

सगळं सोपं गेलं असं नाही हां. उजवा खांदा दुखायला लागला, कारण आता सगळा भार कुशीवर. आणि उशी बदलावी लागली, हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो, उताण्याला चालणारी पातळ उशी कुशीला चालत नाही, खांदा अन् कानाच्या मधलं अंतर भरलं पाहिजे नाहीतर मान लटकते. मायनं सावरीच्या कापसाची जाड उशी भरली अन् एक पोटाशी धरायला दिली, पंधरा दिवसांत खांदा बरा. मे महिन्यात माळवदावर झोपताना पट्ट्याखाली घामोळ्या उठल्या, मग बंडीवरून बांधायला लागलो, तसं पण चालतं.

आता हे वाचून कुणी थेट ऑनलाइन मागवू नका, आधी टेस्ट करा, हे मी हात जोडून सांगतोय. कारण कुशीवर पण तेवढाच श्वास थांबत असेल तर या पट्ट्याचा काही उपयोग नाही, घोरणं जरा कमी होईल अन् वाटेल बरं झालं, आणि आत आजार तसाच. आकडा तीसच्या वर असेल तर डॉक्टर बहुतेक सीपॅपच सांगतात, ते नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं वाट उघडी ठेवणारं मशीन, सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली पहिल्यांदा दाखवलेलं. आकडा खाली आणण्यात सीपॅप पट्ट्यापेक्षा सरस आहे यात वाद नाही. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधीचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालात, 8 अभ्यास, 323 माणसं एकत्र धरली, त्यात हेच आलं, पण त्यात हे पण आलं की पोझिशनचे उपाय लोकांनी रात्रीतून सीपॅपपेक्षा अडीच तास जास्त अंगावर ठेवले. उशाला काढून ठेवलेलं मशीन कितीही भारी असलं तरी त्याचा काय उपयोग, बंडीतल्या बॉलनं आम्हाला ते शिकवलंय. पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही अंगाला लावू नका, काही यंत्रांत लोहचुंबक असतं. आणि अण्णांना वजन कमी करायला सांगितलंय ते चालूच आहे, पट्टा आला म्हणून ते सुटलेलं नाही.

अण्णा आषाढीला दिंडीत जातात. दोन वर्षांपूर्वी तंबूतल्या लोकांनी रात्री त्यांचं अंथरूण उचलून कडेला ट्रकजवळ नेलं होतं, झोपेतच, सकाळी जाग आली तर हे एकटेच. कुणी वाईट मनानं केलं नाही, चालून दमलेली माणसं होती. पण त्यानंतर ते स्वतःहूनच लांब अंथरायला लागले, लग्नात जानवशात पण गच्चीवर एका कोपऱ्यात जायचे अन् आम्हाला वाटायचं यांना मोकळी हवा आवडते. यंदा पट्टा घेऊन गेले. पॉवर बँक मी दिली. सोलापूरच्या पुढून फोन आला, म्हणाले मधी झोपायलोय, तंबूत, सगळ्यांच्या मधी.

मायचं म्हणाल तर तिला अजून रात्री दोनला जाग येती. पस्तीस वर्षांची सवय आहे, एका पट्ट्यानं जात नाही. मला वाटलं होतं ती आता सकाळपर्यंत झोपेल, तसं झालं नाही. जाग आली की हात पुढं करून बघती, पाठ हाताला लागली म्हणजे हे कुशीवर आहेत, श्वास चालू आहे का तेवढं ऐकती अन् परत पडती. आधी पहाट व्हायची म्हणे झोप यायला, आता येती लवकर. डोकं दुखायचं थांबलंय तिचं, गोळीची पट्टी दोन महिने झाले तशीच पडलीय.

चार्जिंगचं काम तिनं कुणालाच दिलं नाही. आमच्याकडं रात्री लाईटचा भरवसा नसतो, म्हणून दिवेलागणीलाच ते यंत्र पट्ट्यातून काढून देवळीजवळच्या बोर्डाला लावती, हिरवा दिवा लागला का दोनदा बघती, आणि मी गावाकडं असलो की माझा मोबाईल काढून ठेवती, म्हणती तुझं नंतर.