एप्टेशिया विरुद्ध बर्घिया: २०० लिटरच्या रीफ टाकीची नोंदवही

आठवडा ०
एप्टेशिया म्हणजे रीफ टाकीत (कोरल म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) फोफावणारा उपद्रवी समुद्री ॲनिमोन; बर्घिया म्हणजे तो खाणारी छोटी, बिनकवचाची समुद्री गोगलगाय. दिवसा मोजले तर एप्टेशिया ३१. दिवे मालवून तासाभराने टॉर्च मारला तर ५४. खरा आकडा रात्रीचाच धरायचा, कारण दगडांच्या खाचेतले तेव्हा बाहेर येतात. ओव्हरफ्लो बॉक्समधले (टाकीतलं पाणी ज्या कप्प्यातून बाहेर उतरतं तिथले) तर जवळपास पारदर्शक आहेत. अंधारात त्यांच्या अंगात राहून त्यांना अन्न देणारं शैवाल गेलेलं असतं, तरी पाण्यातल्या कणांवर ते मजेत जगतात. तिथे पाहिलंच नाही तर सगळी मेहनत वाया.

आधी हा मजानो (तसाच दुसरा उपद्रवी ॲनिमोन) नाही ना, याची खात्री केली. मजानोच्या स्पर्शिका आखूड, टोकांशी फुगीर, बहुधा हिरव्या किंवा गुलाबीसर. एप्टेशियाच्या लांब, टोकाला निमुळत्या, तपकिरी. बर्घिया मजानोला तोंडही लावत नाही, म्हणून ही ओळख चुकवून चालत नाही.

खरवडणं पूर्ण बंद. तळव्याचा बारीकसा तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवा एप्टेशिया उभा राहतो.

आठवडा १ ते ३: चुना
शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये आरओडीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी थेंबाथेंबाने घालून, सुईतून जेमतेम उतरेल इतका दाट लगदा केला. १ मिलीची सिरिंज, बोथट सुई, हातमोजे आणि चष्मा. हा लगदा डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. सगळे पंप बंद. सुई अंगाला न लावता तोंडाच्या चकतीच्या किंचित वर धरायची आणि ०.२ ते ०.३ मिली सावकाश सोडायचं. बरोबर जमलं तर एप्टेशिया त्याला खाणं समजून स्पर्शिका आत ओढतो आणि लगदा पोटात घेऊन मिटतो. घाई झाली की आधीच मिटतो. चुना नुसता वरून बसतो, आतला जीव शाबूत राहतो आणि दोन-तीन दिवसांनी शेजारच्या भोकातून डोकं काढतो.

एका वेळी ८ ते १०च. चुन्याने पाण्याचा पीएच चढतो; सुरुवातीला तो ८.१ होता, शेवटी ८.३. ८.५ला हात थांबवायचा असं आधीच ठरवलं होतं. पंप २० मिनिटांनी सुरू केले, पण त्याआधी कोरलजवळ पडलेले चुन्याचे कण सायफनने ओढून घेतले, नाहीतर ते कोरलची कातडी जाळतात.

तिसऱ्या आठवड्याअखेर रात्रीची मोजणी ३८. मोठे गेले, पण त्यांच्या भोवती पिनेच्या डोक्याएवढी पिल्लं दिसू लागली. मोजके एप्टेशिया असतील तर सुई उत्तम. इतके असतील तर सुईने फक्त वेळ मिळतो.

दगड बाहेर काढून उकळण्याचा सल्ला ऐकायला मिळतो. दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (कोरलसारखे मऊ जीव) असतील तर हे अजिबात करू नका. वाफेबरोबर त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष हवेत जाऊन घरातली माणसं आजारी पडू शकतात.

आठवडा ४: बर्घिया
आठवडाभर चुना बंद ठेवून ८ बर्घिया सोडल्या. त्याआधी सिक्सलाइन रॅस हा मासा आणि पेपरमिंट कोळंबी दुसऱ्या टाकीत हलवली, कारण दोघंही बर्घिया खाऊ शकतात. पॉवरहेड (टाकीत प्रवाह करणारा पंप) आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी. थेंबाथेंबाने टाकीच्या पाण्याची सवय करून, दिवे मालवल्यावर पंप बंद असताना सगळ्या एकाच ठिकाणी, लहान एप्टेशियांच्या शेजारी पिपेटने ठेवल्या. त्या घोळक्याने खातात. लांबलांब सोडल्या तर एकटीदुकटी मोठ्या एप्टेशियासमोर टिकत नाही.

आठवडा ५ ते ७
दिवसा काहीच दिसत नाही. धीर सुटतो तो इथेच, आणि पुन्हा सुई हातात येते. ती आली की बर्घियांचा घास चुनकट होतो. लाल टॉर्चने शोधा. सहाव्या आठवड्यात दगडाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याचं वेटोळं सापडलं, म्हणजे अंडी. शेजारी एका एप्टेशियाच्या स्पर्शिका कुरतडलेल्या, खोड सुरकुतून लोंबत होतं.

आठवडा ९
रात्रीची मोजणी १७. उतार एकदम येतो, कारण आता अंड्यांतून निघालेली पिढीही खात असते.

आठवडा १२
दगडांवर शून्य, रात्रीसुद्धा. ओव्हरफ्लोत ३, तिथे बर्घिया पोचल्याच नाहीत. तिथे कोरल नसल्यामुळे पाणी अडवून चुना वापरला. बर्घियांना एप्टेशियाशिवाय दुसरं काही चालत नाही, त्यामुळे सापडल्या त्या ५ गरजू टाकीला देऊन टाकल्या. इथे ठेवल्या असत्या तर उपाशी मेल्या असत्या.

नवीन फ्रॅगसाठी (लावायला आणलेल्या कोरलच्या तुकड्यासाठी) एक बदल कायमचा. कोरल डिपने (कोरल बुडवून कीड काढण्याच्या द्रावणाने) एप्टेशिया सहसा मरत नाही, म्हणून जुना प्लग (तुकडा चिकटवलेली छोटी बैठक) टाकून द्यायचा, कोरल तळापासून कापायचं आणि सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) जेलने नव्या प्लगवर चिकटवायचं. टाकीतलं खाणंही कमी केलंय, म्हणजे एप्टेशियाला कण कमी मिळतील; गोठवलेलं अन्न वितळवून, गाळून, पाणी फेकून घालायचं. पुढची मोजणी चार आठवड्यांनी, दिवे मालवल्यावर, ओव्हरफ्लोपासून सुरुवात.