मॅडमचं मानपत्र

मॅडमच्या निवृत्तीला महिना उरला आणि साहेबांनी मानपत्राचं काम माझ्या गळ्यात घातलं. मॅडम आमच्या मनोरुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञ, मी तिथल्याच समाजसेवा विभागात. कधीकाळी दिवाळी अंकात दोन कविता छापून आल्या होत्या, तेवढीच माझी पात्रता. म्हटलं, आधीच्या डॉक्टरांचं मानपत्र काढू, नाव बदलू, झालं. काढलं तर त्यात 'चंदनासारखे झिजलात' होतं. मॅडमना चंदन म्हटलं असतं तर वॉर्डातल्या मावशीही हसल्या असत्या.

साहेबांना 'गाजलेल्या केसेस' हव्या होत्या. मॅडमचं निम्मं आयुष्य कोर्टाने पाठवलेले आरोपी तपासण्यात गेलं, पण त्यातलं छापता काहीच येईना. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३: रुग्णाची माहिती गुप्त. मॅडमकडे बायोडेटा मागितला तर म्हणाल्या, "सेवापुस्तकात आहे ना सगळं."

मग मी माणसं गाठायला सुरुवात केली. बचाव पक्षाचे एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "मी त्यांना तासभर घोळात घेत होतो. 'म्हणजे तो वेडाच होता ना?' यावर त्यांचं एकच उत्तर. 'आज आजारी आहे. त्या रात्री मी तिथे नव्हते.'" सगळं भांडण या एका वाक्यात आहे. शिक्षेतून सुटायला नुसता आजार असणं पुरत नाही. कृत्य करताना, आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे, हे कळण्याची क्षमताच नव्हती असं दिसावं लागतं. भारतीय दंड संहितेचं कलम ८४ ते हेच; १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते २२ झालं. मॅडमच्या तोंडी मात्र अजून चौऱ्याऐंशीच.

दुसरा प्रश्न वेगळा असतो आणि लोक हमखास गल्लत करतात: आता, आज, याच्यावर खटला चालू शकतो का? त्यासाठी मॅडम ओपीडीतल्या तीन खुर्च्या मांडत. "हे जज्ज, हे सरकारी वकील, हे तुझे वकील. तुझ्या बाजूने कोण बोलणार?" मी समोर होते तेव्हा एकाने तिन्ही खुर्च्या सोडून दारातल्या हवालदाराकडे बोट दाखवलं. "हे. सकाळी चहा यांनीच पाजला." मॅडमनी ते वाक्य अवतरणचिन्हांत जसंच्या तसं लिहून घेतलं. काही महिन्यांच्या औषधांनंतर त्याच माणसाने बरोबर तिसरी खुर्ची दाखवली आणि वर विचारलं, "पण ते मला भेटायला का येत नाहीत?" तेही लिहिलं गेलं. नाव-गाव मी सांगणार नाही. मानपत्रात फक्त खुर्च्या घेतल्या.

तिसरी गोष्ट म्हणजे त्यांचं लांबट रजिस्टर. 'खटल्यास सक्षम' असं पत्र गेलं की तारीख पडायची, आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने 'पुढे?' एवढंच. तो रकाना भरेपर्यंत कोर्टाला स्मरणपत्रं. नव्या डॉक्टरांना मॅडम आसामच्या मचांग लालुंग यांची गोष्ट सांगत. १९५१ मध्ये अटक, मग तेजपूरच्या मनोरुग्णालयात. १९६७ मध्ये डॉक्टरांनी बरे झाल्याचं कळवलं, तर सुटका नाहीच, रवानगी गुवाहाटीच्या तुरुंगात. बाहेर आले २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. "डॉक्टरने त्याचं काम केलं होतं. पत्र पाठवलं होतं," मॅडम म्हणायच्या आणि रजिस्टरवर बोट आपटायच्या.

मजकूर झाला. साहेबांनी एक ओळ घातली: 'शेकडो गुन्हेगारांवर आपण मायेने उपचार केलेत.' मला खटकली, पण साहेबांची ओळ म्हणून मी गप्प बसले. प्रेसवाल्याने भलताच घोळ घातला. पहिल्या ओळीत 'ज्येष्ठ मनोविकार' एवढंच मावलं आणि 'तज्ज्ञ' खाली गेलं. ते नीट करून घेण्यात दोन दिवस गेले. शेवटी फ्रेम हातात आली ती कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी.

न राहवून मी मॅडमना दाखवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. खुर्च्यांपाशी किंचित हसल्या. मग काचेवर नख टेकवलं.

"गुन्हेगार नाही. आरोपी."

मी म्हटलं, "मॅडम, आता फ्रेम झालीय."

"मग उघडा."

प्रेसवाल्याने दीडशे रुपये जादा घेतले आणि त्या शब्दावर पांढरी पट्टी डकवून दिली. दुसऱ्या दिवशी शाल, श्रीफळ, टाळ्या सगळं यथासांग झालं. साहेबांनी माईकवरून मानपत्र वाचलं. पट्टीपाशी क्षणभर अडखळले, आणि 'आरोपींवर' असंच वाचलं.