तुलसीदासांच्या खांद्यावरचा ठिपका

रविवार, रात्रीचे साडेदहा

दुपारपासून पावसाने धरून ठेवलं होतं, म्हणून आबांचा बिस्किटांचा डबा काढला. पन्नासेक जुनी टपालतिकिटं परातीत पाण्यात सोडली, कागद सुटले तशी वर्तमानपत्रावर पालथी घातली. सासूबाई म्हणाल्या, "परात मला कणकेला लागेल हं." घासून दिली.

सुकलेल्यांत १९५२ च्या संतकवी मालिकेतलं एक आण्याचं तुलसीदास निघालं. लूपखाली, म्हणजे डोळ्याशी धरायच्या छोट्या भिंगाखाली धरलं, तर खांद्यापाशी पांढरा ठिपका, खसखशीच्या दाण्याएवढाही नाही. पेटीतल्या दुसऱ्या तुलसीदासांवर तो नव्हता.

ही मालिका नाशिकरोडच्या प्रेसची, फोटोग्रॅव्ह्यूरने छापलेली. त्यात चित्र छपाईच्या रुळावर बारीक बारीक खड्ड्यांत उतरवलेलं असतं. रूळ शाईत बुडून फिरतो, पोलादी पाती वरची शाई पुसून नेते, खड्ड्यांत उरते तेवढीच कागदावर उतरते. पात्याला खाच पडली की शाईची लांब रेघ उमटते. खुद्द रुळातच खोट असली तर ती दर शीटमध्ये, म्हणजे एकत्र छापलेल्या तिकिटांच्या दर मोठ्या कागदावर, त्याच जागी येते, आणि तिला व्हरायटी म्हणायचं. कागदावर धुळीचा कण बसला होता म्हणून पडलेला ठिपका एकदाच येतो, पुढच्या तिकिटावर नसतो.

म्हणजे एकच तिकीट हाती असून उपयोग नाही, जोड लागते. नेटवर हल्ली कुठल्याही डागाला 'दुर्मिळ एरर' म्हणून पाचशे रुपये मागतात, तेव्हा मला एकच विचारावंसं वाटतं, त्याच जागी डाग असलेलं दुसरं दाखवा. चार आण्याचं १८५४ चं, व्हिक्टोरिया राणीचं डोकं उलटं छापलं गेलेलं तिकीट कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसतं. दोन रंग दोनदा छापायचे, त्यात गफलत झाली. त्याला लूप कशाला?

आबांना त्याहून १९४९ चं एक आण्याचं बोधिसत्त्व आवडायचं. त्यावर मूर्तीच आरशात पाहावी तशी उलटी छापली गेली, आणि १९५० मध्ये सुलटी करून नवं काढलं. दोन्ही शेजारीशेजारी लावून ते पाहुण्यांना विचारायचे, "फरक सांगा पाहू." पाहुणे चहा पीत बसायचे. मीही लग्नानंतर पहिल्या दिवाळीत चहाच प्याले होते.

असो. मग डबा पालथा केला आणि तुलसीदास तेवढे वेचले. अकरा निघाले. एकेक लूपखाली. पहिल्या सातांत काही नाही. आठव्याच्या खांद्यावर पांढरं काहीतरी, म्हणून श्वास रोखला, तर तिथे कागदाचा कण चिकटला होता, ओल्या ब्रशने निघून गेला. नववा फाटका. दहाव्यावर नेमक्या त्याच जागी टपालाच्या शिक्क्याची काळी कड. शाईच्या आत पांढरं आहे, की माझे डोळे दमलेत? दिवा तिरपा केला, भिंग बदललं, यांना हाक मारली. ते म्हणाले, "मला तर सगळा शिक्काच दिसतोय."

अकराव्यावर ठिपका नाही. पण ते शीटमधल्या दुसऱ्या जागचं असेल, त्यामुळे त्याने काही ठरत नाही.

दुपारचं ठिपकेवालं आणि या अकरांतलं दहावं एका लिफाफ्यात घालून वर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. कोपऱ्यातल्या पिशवीत आबांच्या जुन्या पाकिटांचा अजून एक गठ्ठा आहे. परात उद्या दुपारनंतरच मोकळी होईल.